एका कातड्याची पाच पेनं

अब्बांची बॅग उघडली तेव्हा कपड्यांच्या घड्यांमधून, टॉवेलात गुंडाळलेलं एक व्हर्नियर निघालं. अम्मी म्हणाली, "मी दोनदा काढून कपाटात ठेवलं होतं. तिसऱ्यांदा माझी नजर चुकवून घातलं बघ." अब्बा म्हणाले, "असू दे. वजन ते किती?"

कोल्हापूरहून मुंबई, मुंबईहून दोहा, दोह्याहून डॅलस. तिथून आमच्या प्लेनोच्या घरापर्यंत ते व्हर्नियर आलं. दोघं आले होते माझ्या बाळंतपणासाठी. खरं म्हणजे अम्मी आली होती बाळंतपणासाठी, आणि अब्बा अम्मीबरोबर. पहिले दहा दिवस बरे गेले. मग अम्मीला मेथीचे लाडू, बाळाची मालिश, माझी शेक-शेगडी यांतून मान वर करायला वेळ मिळेना आणि अब्बांना वेळ कुठे घालवावा कळेना. घराच्या दारांच्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. ग्रासकटरचं पातं घासून झालं. रस्त्यावर चालत जावं तर चालणारं माणूस नाही. माझे अब्बा अडुसष्टाव्या वर्षी खिडकीशी बसून शेजारच्या गॅरेजकडे बघत बसायला लागले, कारण तिथून मशीनचा आवाज यायचा.

"बेटा, त्यांच्याकडे लेथ आहे," ते तिसऱ्या दिवशी म्हणाले.

मी म्हटलं, "असेल." मला तो विषय नको होता. कारण सांगते.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा शेजारचे गृहस्थ ओळख करून घ्यायला आले होते. पंचाहत्तरीचे, उंच, एकटे राहणारे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, त्यांचं कोल्हापुरात छोटं मशीन शॉप होतं. ठरवून नव्हतं बोललेलं. पण अगदी चुकूनही नव्हतं. माझ्या ऑफिसात कुणाचे वडील बँकेत मॅनेजर होते, कुणाचे कर्नल, कुणाचे डॉक्टर. तिथे एकदा 'शॉप होतं' म्हणून गेले होते, ते जिभेवर बसलं होतं. इंग्रजीत ते वाक्य फार सोयीचं आहे. शॉप होतं म्हणजे कुणाचं होतं, हे ऐकणारा आपल्या मनाने भरून घेतो.

शॉप होतं, ते शेठचं. शिवाजी उद्यमनगरात. अब्बा तिथे सोळाव्या वर्षी हेल्पर म्हणून लागले आणि टर्नर म्हणून बाहेर पडले. टर्नर म्हणून 34 वर्षं. कोल्हापूर तेव्हा ऑइल इंजिनांचं गाव होतं. इंजिनाचे बुश, पंपाचे शाफ्ट, असलं काम. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे. कूलंटचा वास, जमिनीवर निळसर चिप्स, आणि अब्बा एका डोळ्याने जॉबकडे बघत दुसऱ्या हाताने मला थांब म्हणायचे. जॉब अर्धा सोडून त्यांनी कधी डबा उघडला नाही.

तर एका सकाळी मी बाळाला घेऊन झोपले होते आणि अब्बा स्वतःच शेजारी गेले. अंगात कुर्ता-पायजमा, हातात व्हर्नियर. इंग्रजी येत नाही असं नाही, लेथपुरती येते. चक, फीड, टूल, बोअर, टेपर, हे सगळं उद्यमनगरात मराठीच आहे. अर्ध्या तासाने हाक आली, "बेटा, जरा ये. ते काहीतरी सांगतायत." तेव्हापासून तीन आठवडे मी त्या गॅरेजची दुभाषी झाले.

अब्बा त्यांना 'मिस्त्री' म्हणायला लागले, म्हणून मीही इथे तसंच म्हणते.

मिस्त्रींचा लेथ लाकडाचा होता. अब्बा आधी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. टूल पोस्ट नाही, कॅरेज नाही, लीड स्क्रू नाही. एक आडवी पट्टी, तिच्यावर पोलाद टेकवायचं आणि हातानेच कापायचं. "हे तर कातारी लोकांचं मशीन," ते म्हणाले. सावंतवाडीला खेळणी करतात ते लोक असंच हातात हत्यार धरून लाखेचा रंग चढवतात, हे त्यांनी पाहिलेलं. कातारी म्हणजे लाकूड कातणारा. आणि साप टाकतो ती कात. मराठीतले हे शब्द त्या दिवशी इतके जवळ येतील असं मला वाटलं नव्हतं, कारण मिस्त्रींनी भिंतीवरची एक फळी काढून आमच्यासमोर ठेवली आणि तिच्यावर एक साप होता. म्हणजे सापाचं कातडं. चार फुटांचं, सपाट ताणलेलं, कडेने गंजलेल्या चुका मारलेल्या.

ते रॅटलस्नेकचं होतं. पाठीवर एकापुढे एक शंकरपाळ्यांसारखे चौकोन, मधे तपकिरी, कडेला फिकट रेघ. आणि शेपटीला शेवटी काळ्या-पांढऱ्या कड्या. डायमंडबॅक म्हणतात त्याला. मिस्त्री टेक्सासच्या पश्चिमेकडचे, स्वीटवॉटर गावाच्या बाजूचे. ते दहा वर्षांचे असताना कोंबड्यांच्या खुराड्यापाशी त्यांच्या आईने हा साप कुदळीने मारला होता. वडिलांनी सोलला, मीठ लावून फळीवर ताणला. साठाहून जास्त वर्षं ती फळी या घरातून त्या घरात फिरत आली होती. आता ते घर विकून मुलीच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात जायचे होते. वृद्धाश्रम म्हटल्यावर अब्बांचा चेहरा पडला. मी सांगितलं की इकडे ते तसं वाईट समजत नाहीत. स्वतःची खोली, स्वतःचं स्वयंपाकघर असतं. पण खोलीत लेथ नेता येत नाही आणि सापाची फळी मुलीला घरात नको होती. नातवंडं पाच. म्हणून मिस्त्रींनी ठरवलं होतं की त्या कातड्याची पाच पेनं करायची, प्रत्येकाला एक.

"म्हणजे वाटणी," अब्बा म्हणाले. आमच्याकडे गुंठ्यांत करतात, इथे इंचांत.

लाकडाची पेनं मिस्त्री पुष्कळ वर्षं करत होते. अमेरिकेत हा छंद भारी आहे; पितळी नळी, निब किंवा रिफिल, क्लिप, सगळं तयार मिळतं आणि आपण फक्त अंग करायचं. पण कातड्याचं त्यांनी कधी केलं नव्हतं. रीत अशी. नळी पॉलिश पेपरने खरवडायची, काळी रंगवायची, म्हणजे खवल्यांच्या फटीतून पितळ चमकत नाही. तिच्याभोवती कातडं गुंडाळून चिकटवायचं. मग ती नळी साच्यात उभी करायची, तोंडं रबराच्या बुचांनी बंद करून, आणि वरून पारदर्शक रेझिन ओतायचं. साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवून हवेचा दाब द्यायचा, म्हणजे बुडबुडे दबून दिसेनासे होतात. दुसऱ्या दिवशी काढलं की काचेच्या कांडीत साप अडकल्यासारखा दिसतो. ती कांडी लेथवर लावून कातायची, मग पाण्याने बारीक बारीक पेपर मारत न्यायची, शेवटचा पेपर 12000 नंबरचा. तो हाताला कापडासारखा लागतो.

चुका आणि कीड लागलेला भाग सोडला तर मधले चौकोन नीट असलेले सातच तुकडे निघत होते. पाच पेनं, दोन तुकडे चुकायला.

इथे मला थोडं थांबून सापाबद्दल लिहायला हवं, कारण हे वाचताना तुमच्यातले काहीजण नाक मुरडत असणार. मीही मुरडलं होतं. स्वीटवॉटरला 1958 पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेक राउंडअप भरतो. बिळांतून साप काढून हजारो पौंडांच्या हिशेबात आणतात. वाळवंटी बिळांत पेट्रोलची वाफ सोडून त्यांना बाहेर काढायची पद्धतही आहे. लोकांसमोर विष काढतात, मुंडकी उडवतात, सोलतात. मुलं रक्तात हात बुडवून भिंतीवर पंजे उमटवतात. मिस्त्री लहानपणी जात असत, नंतर सोडलं. का सोडलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अब्बांनी मात्र सगळं ऐकून एकच प्रश्न विचारायला लावला: "इतके साप मारल्यावर उंदरांचं काय करतात?" उसाच्या मुलखातल्या माणसाचा प्रश्न. मिस्त्री हसले आणि म्हणाले, उंदीर मत देत नाहीत.

अब्बांच्या शेजारच्या मशीनवर बत्तीस शिराळ्याचे एकजण होते. नागपंचमीला रजा घेत, जिवंत नाग पकडून आणत, पुजून पुन्हा शेतात सोडत. कोर्टाच्या आदेशानंतर ते बंद झालं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे. 1976 मध्ये सापांच्या कातड्यांची निर्यात बंद झाली. त्याआधी भारतातून कातड्यांचा मोठा व्यापार चालायचा. तामिळनाडूतले इरुला लोक त्यासाठी साप पकडायचे. बंदीने त्यांची चूल विझली, मग 1978 मध्ये त्यांची सोसायटी झाली आणि तेच हात साप न मारता विष काढायला लागले. साप चावलेल्या माणसाला देतात ते औषध त्या विषापासून होतं. हे मी अब्बांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हुनर तोच, फक्त साप जिवंत." आणि पुन्हा गॅरेजकडे गेले.

पहिला तुकडा अब्बांनी मापाने कापला. नळीचा व्यास 27/64 इंच. उद्यमनगरातली जुनी मशीनं इंचावरच चालायची, त्यामुळे त्यांना ते परकं नव्हतं. मिस्त्रींच्या 'एटथ'ला ते 'सूत' म्हणायचे आणि दोघांना कळायचं. मिलिमीटरमध्ये 10.7. मिस्त्री त्याचा परीघ काढून 33.6 वर रेघ मारणार, इतक्यात अब्बांनी त्यांचा हात धरला. कातड्याला जाडी आहे. व्हर्नियरमध्ये जाडी आली 0.4. पत्रा वाकवताना धरतात तशी ती मिळवून 34.9 पाहिजे. मिस्त्रींनी कागदावर हिशेब केला, मान डोलावली, माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. मला इतका अभिमान वाटला की मी घरी येऊन नवऱ्याला तो हिशेब सांगितला. त्याने बाळाचा डायपर बदलता बदलता ऐकून घेतला.

कातडं मऊ करायला ग्लिसरीन आणि पाण्यात भिजवलं होतं. ओलं असताना जोड असा बसला की नखाला लागेना. सकाळी बघतो तर सुकून आकसलेलं. जोडाच्या जागी दीड मिलिमीटरची काळी फट, टोकापासून टोकापर्यंत.

अब्बा त्या नळीकडे बराच वेळ बघत राहिले. "लोखंड सुकत नाही ना," ते मला म्हणाले, "म्हणून ध्यानात आलं नाही."

उरले सहा.

पुढच्या वेळी मिस्त्रींनी तोड काढली. तुकडा मुद्दाम रुंद ठेवायचा, एकावर एक चढू द्यायचा, पूर्ण सुकला की दोन्ही थरांतून एकदाच ब्लेड ओढायचं. वरची पट्टी निघते, खालची निघते, जोड बरोबर मिळतो. भिंतीला वॉलपेपर लावणारे असंच करतात म्हणे. हे जमलं. मग रेझिन ओतलं, पॉटमध्ये रात्रभर राहिलं, आणि सकाळी मिस्त्रींनी गाउज अब्बांच्या हातात दिलं. आदर म्हणून. पाहुण्याने पहिलं पान मांडावं तसं.

अब्बांनी आठवड्याभरात लाकडाच्या ओंडक्यांवर हात बसवला होता. रेझिनच्या लांब पांढऱ्या फिती सुटायला लागल्या, त्यांच्या कुर्त्याच्या बाह्यांवर बसायला लागल्या. कांडी गोल झाली. पाण्याचा हात फिरवला तसा आतला साप दिसायला लागला. त्यांनी मला नेहमीसारखं हाताने थांब म्हटलं, मी काही बोलत नव्हते तरी.

दोन्ही टोकांना मापाचे बुश असतात, तिथपर्यंत उतरायचं. तो व्यास साधारण 12 मिलिमीटर. नळी 10.7. म्हणजे एका बाजूला जेमतेम 0.65, त्यात 0.4 कातडं. वर काचेसारखा थर उरतो तो पाव मिलिमीटर. अब्बा त्या मापाला उतरले आणि अगदी शेवटच्या हाताला आवाज बदलला. मशीन थांबवलं. एका बाजूला खवले उघडे पडले होते, एक चौकोन अर्धा उडाला होता, खालची काळी नळी दिसत होती. दुसऱ्या बाजूला रेझिन जाडच्या जाड.

नळी साच्यात तिरपी उभी राहिली होती. कातणाऱ्याची चूक नव्हती. पण त्या क्षणी ते आम्हा तिघांपैकी कुणालाच कळलं नाही. दिसत एवढंच होतं की हत्यार अब्बांच्या हातात होतं आणि मिस्त्रींच्या आईने मारलेल्या सापाचा एक तुकडा गेला. आता पाचच उरले.

मिस्त्री भला माणूस. त्यांनी अब्बांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, वडिलांना सांग, मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं दुसऱ्यांकडून काम करून घेतलं की स्वतःचा हात जातोच. माझ्या बॉसलाही लेथ आठवत नव्हता.

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या बोले वो?"

आधी एकदा असाच प्रसंग आला होता. मिस्त्रींनी विचारलं होतं, तुमच्या हाताखाली किती माणसं होती? मी अब्बांना विचारलं, तुमच्या वर्कशॉपमध्ये किती माणसं होती? ते म्हणाले, अठरा. मी इंग्रजीत अठरा सांगितलं. दोन्हीकडे एकेक शब्द सरकवला आणि दोघं खूश. भाषांतरात अशी जागा असते, आणि मी रोजच्या नोकरीत शब्दांची नसली तरी मापांची काटेकोर माणूस आहे. मला कळत होतं मी काय करतेय.

यावेळी जागा नव्हती. काहीतरी गोड सांगता आलं असतं, 'काही हरकत नाही म्हणतायत'. पण 'बॉस' हा शब्द अब्बांना कळतो. मी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्यांकडून काम करून घेतलं म्हणून हात गेला, असं म्हणतायत.

अब्बांनी गाउज पट्टीवर ठेवलं. त्यांना राग आलेला मी फार कमी वेळा पाहिलाय, आणि तो आला तर आवाज खाली जातो. ते म्हणाले, "उनको बोल, मैं शेठ नहीं था. कामगार था. चौंतीस साल. मशीन मेरी नहीं थी, हाथ मेरा था."

आणि मग, मी गप्प बसले तेव्हा: "बोल."

मी बोलले. इंग्रजीत. एकेक वाक्य. 'मशीन मेरी नहीं थी' म्हणताना माझा आवाज लहान झाला, तर अब्बांनी मान हलवली, नीट सांग म्हणून. मग मी स्वतःहून एक वाक्य जोडलं, की शॉप होतं असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते मी सांगितलं होतं, यांनी नाही. ते वाक्य मी अब्बांसाठी भाषांतरित केलं नाही. त्यांना कळलं असावं. त्यांनी त्यावर तेव्हाही काही म्हटलं नाही, नंतरही नाही, अम्मीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढचे कित्येक दिवस वाटत राहिलं.

मिस्त्री क्षणभर थांबले. मग विचारलं, कुठला लेथ?

हा प्रश्न भाषांतर करायच्या आधीच अब्बांनी उत्तर दिलं. "किर्लोस्कर. हरिहर." आणि दोन्ही हात पसरून बेडची लांबी दाखवली.

त्यानंतर मला दुभाषी म्हणून फारसं काम उरलं नाही. अब्बांनी ती खराब कांडी मागून घेतली, आडवी कापली, आणि व्हर्नियरने दोन बाजूंची जाडी मोजून मिस्त्रींच्या समोर धरली. एकीकडे काही नाही, दुसरीकडे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. रबराची बुचं नळीला नीट धरत नव्हती. मग अब्बांनी त्यांच्या भंगाराच्या डब्यातून नायलॉनचा एक गज शोधला आणि त्याच लाकडाच्या लेथवर, हातात हत्यार धरून, दोन गुंडाळ्या कातल्या: आतून नळीच्या मापाच्या, बाहेरून साच्याच्या. नळी त्यांच्यावर बसवली की हलायचं नावच नाही. एवढ्याशा कामाला त्यांना पूर्ण दुपार लागली. अम्मीने दोनदा जेवायला बोलावलं. जॉब सोडून ते आले नाहीत.

पाचही पेनं नीट झाली.

अम्मीला मात्र वेगळीच काळजी. पाचवं पेन अब्बा दाखवायला घरी घेऊन आले आणि सवयीने खिशाला लावून असरच्या नमाजाला उभे राहायला निघाले, तर ती म्हणाली, आधी ते काढा. सापाचं आहे. आमच्या घरात हा एक जुना खेळ आहे: अम्मी चिपळूणकडची, शाफई, अब्बा हनफी. कालवं-शिंपल्यांवरून त्यांचं लग्नापासून चालू आहे. अब्बा म्हणाले, कमावलेलं कातडं पाक असतं. मेलेल्या बकरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, हुजूर (स.) म्हणाले होते की तिचं कातडं का वापरलं नाहीत, हराम आहे ते फक्त खाणं. अम्मी म्हणाली, बकरी कुठे आणि साप कुठे. मी उत्सुकतेने शोधून पाहिलं. गंमत अशी की या बाबतीत अम्मीचाच मसलक अब्बांच्या पेनाच्या बाजूने होता: शाफई मतात कुत्रा आणि डुक्कर सोडून बाकी कातडी कमावल्यावर पाक. आणि जुन्या हनफी किताबांत चक्क सापाचा उल्लेख आहे, की लहान सापाचं कातडं कमावणं सोसत नाही म्हणून ते पाक होत नाही, पण त्याने टाकलेली कात पाकच. अरबीत त्या कातेला सापाचा 'कमीस' म्हणतात, सापाचा सदरा. अब्बा म्हणाले, चार फुटांचा साप लहान कसा? अम्मी म्हणाली, मोठा असो, नमाज होईपर्यंत टेबलावर ठेवा. त्यांनी ठेवलं. मला कातडं 'कमावणं' हा शब्द त्या दिवसापासून जरा वेगळा ऐकू यायला लागलाय. कोल्हापुरात चपलेसाठी चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात महिना महिना ठेवतात, त्यालाही हेच म्हणतात आणि पगार आणतात त्यालाही.

शेपटीचा तुकडा उरला होता, काळ्या-पांढऱ्या कड्यांचा. मिस्त्रींनी त्याचं सहावं पेन केलं, यावेळी एकट्याने, अब्बांच्या गुंडाळ्या वापरून, आणि निघायच्या आदल्या दिवशी आणून दिलं. अब्बांनी ते उजेडात धरलं, जोड शोधला, सापडला नाही तेव्हा मान डोलावली. पण बॅगेत घातलं नाही. सापाच्या कातड्याची वस्तू घेऊन विमानतळावर कुणाच्या प्रश्नांना उत्तरं देत बसणार? "तुझ्याजवळ ठेव," म्हणाले. व्हर्नियर मात्र परत गेलं.

ते पेन माझ्या टेबलाच्या खणात आहे. चांगलं लिहितं. बाळाच्या लसींच्या तारखा मी त्यानेच लिहिते.

ऑक्टोबरमध्ये मिस्त्री गेले, म्हणजे राहायला गेले. ट्रक भरत असताना त्यांनी लेथ आमच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला. मी म्हटलं, मला चालवता येत नाही. ते म्हणाले, तुझ्यासाठी नाही, ते पुन्हा येतील तेव्हासाठी. व्हिसा, अम्मीचे गुडघे, तिकिटांचे भाव हे सगळं मी त्यांना सांगत बसले नाही.

अब्बांचा फोन शुक्रवारी येतो, जुम्माहून आले की. म्हणजे इथे आमची पहाट. आधी बाळ, मग माझी तब्येत, मग लेथ. "बेडला गंज नाही ना? ते कास्ट आयर्न आहे. तेल लावलंस तर लाकडाला डाग पडेल. मेणबत्ती घास आणि कापडाने पूस." मी हो म्हणते. मागच्या शुक्रवारी खरंच फोन कानाला धरून गॅरेजमध्ये गेले आणि घासली. मेणबत्ती वाढदिवसाच्या केकवरची होती, एवढीशी, निळी. अब्बा पलीकडून विचारत होते, आवाज येत नाही, घासतेयस का नुसतीच उभी आहेस?